नैराश्याच्या गोळ्या सोडताना: तुमचे अनुभव लिहा

गोळी सुरू करताना डॉक्टर, घरचे, मैत्रिणी सगळे बोलतात. थांबवायची कशी, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी गोळ्या सोडल्या, सोडता सोडता अडकले किंवा सोडायच्याच नाहीत असं ठरवलं, त्या सगळ्यांनी लिहा. औषध कोणतं, किती वर्षं घेतलं, डोस कसा उतरवला हे आलं तर बरं. फक्त दुसऱ्याचं वेळापत्रक उचलून स्वतःला लावू नका, आपल्या डॉक्टरांशी बोला.

सुरुवात माझ्यापासून. एस्सिटालोप्रॅम, १० मिग्रॅ, तीन वर्षं. बरं वाटत होतं, पाकीट संपलं, नवं आणलं नाही. एवढाच माझा 'निर्णय'. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मान वळवली आणि डोक्यात करंट गेल्यासारखं झालं. नुसते डोळे डावीकडून उजवीकडे नेले तरी झण्ण. नळ तसाच सोडून ओटा धरून उभी राहिले. पुढे चिडचिड, मळमळ, कारण नसताना रडू, आणि स्वप्नं इतकी ठळक की यातलं खरं काय घडलं हे सकाळी तपासावं लागे. मी धरूनच चालले की आजार परतला. डॉक्टरांनी एकच विचारलं, "पहिल्या आजारपणात हे करंट होते का?" नव्हते. गोळी परत सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत सगळं शांत झालं. नंतर आठ महिने लावून उतरवली.

---

पॅरॉक्सेटिन, चार वर्षं. मी हुशारी केली: एक दिवसाआड घेतली की डोस निम्मा! पण हे औषध रक्तात साधारण एका दिवसात निम्म्यावर येतं. म्हणजे निम्मा डोस वगैरे काही नाही, एक दिवस चढ आणि एक दिवस उतार. गोळी नसलेल्या दिवशी जिना उतरताना कठड्याला घट्ट धरावं लागायचं. डॉक्टर ओरडलेच. रोज घ्यायची, पण थोडी कमी, असं सुरू झाल्यावर कठडा सुटला.

---

फ्लुऑक्सेटिन, २० मिग्रॅ, दीड वर्ष. डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवली. मला काहीही झालं नाही. हे औषध अंगातून पूर्ण जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे ते आपलं आपणच उतरतं.

असेही अनुभव इथे हवेत, नाहीतर वाचणारा घाबरून जन्मभर गोळीला चिकटेल. २०२४ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात निव्वळ गोळी बंद केल्यामुळे त्रास होणारे साधारण सहा-सातांत एक निघाले. तीव्र त्रास पस्तिसात एकाला.

---

ताई, ते करंट वाचून हायसं वाटलं. मला वाटायचं मी एकटीच वेडी.

माझं गाडं शेवटी अडलं. २० वरून १० विनासायास, १० वरून ५ किरकोळ डोकेदुखी. मग वाटलं आता उरलंय काय, ५ वरून थेट शून्य. आणि कोसळले. कारण नंतर कळलं. डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांचं प्रमाण सरळ नसतं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन. ते परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनांना हे औषध अडवतं, आणि त्यातली बरीचशी छोट्याशा डोसनेच अडलेली असतात. त्यामुळे २० वरून १० ही बुटकी पायरी आणि ५ वरून शून्य हा कडा. हॉरोविट्झ आणि टेलर या दोघांनी २०१९ मध्ये हेच मांडलं: जसजसे खाली याल तसतशी कपात लहान करा.

पण लहान कशी करणार? ब्लेडने गोळीचे चार तुकडे केले, कागदावर एक मोठा, दोन लहान आणि बाकी भुगा. रोज वेगळा डोस! शेवटी डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं. बिनसुईच्या सिरिंजने मोजून घ्यायचं. शेवटच्या ५ मिग्रॅला सात महिने लागले.

---

मी सगळं नीट केलं. पाच महिने सावकाश उतरवली, करंट नाहीत, चक्कर नाही. बंद झाल्यावर चौथ्या महिन्यात फोन उचलावासा वाटेना. मग आंघोळ टळायला लागली. हा गोळी सोडल्याचा त्रास नव्हता, तो बहुतेकदा लगेच येतो. हे हळूहळू, जुन्याच वाटेने आलं. २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. दोन्ही आकडे वाचा. थांबवूनही बरेच जण ठीक राहिले, मी त्यात नव्हते इतकंच. माझं हे तिसऱ्यांदा आजारपण, आता परत गोळीवर आहे.

---

मी नवरा म्हणून लिहितोय. बायकोने डोस उतरवायच्या आधी मला तीन गोष्टी लिहून दिल्या: झोप उडाली, बोलणं थांबलं किंवा मरणाची भाषा आली, तर माझं न ऐकता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. तिसरी गोष्ट घडली नाही. पहिली दोनदा घडली, दोन्ही वेळा डोस एक पायरी वर नेला. दुसऱ्यांदा ती माझ्यावर दोन दिवस रुसली होती.

---

व्हेन्लाफॅक्सिन, ७५ वरून आता ३७.५. सावकाश विरघळणारी कॅप्सूल आहे, चावायची किंवा कुटायची नाही, त्यामुळे वरच्यासारखं ब्लेडचं काम नाही. पुढचा टप्पा कसा, ते डॉक्टर पुढच्या भेटीत सांगणार. परवा गोळी घ्यायला सहा तास उशीर झाला तर घाम आणि चक्कर. सध्या गजर दोन लावतो. पुढचं कळलं की इथेच लिहीन.