लँप्रीतल्या रेणूला ‘प्रतिपिंड’ म्हणावं की ‘ग्राही’?

बाळीवेस: बारावीच्या मुलांसाठी रोगप्रतिकारशक्तीवर मराठीत लिहितोय. बिनजबड्याच्या माशांपाशी, म्हणजे लँप्री आणि हॅगफिशपाशी, अडलंय. प्रतिपिंडांचं, म्हणजे परक्या पदार्थाला धरणाऱ्या अँटिबॉडींचं, काम करणारे त्यांचे रेणू २००४ साली मॅक्स कूपर यांच्या गटाने लँप्रीत शोधले. आपली प्रतिपिंडं इम्युनोग्लोब्युलिन या प्रथिनाच्या ठरावीक घड्या घालून बनलेली. यांच्यात मात्र ल्युसीन हे अमिनो आम्ल भरपूर असलेले तुकडे एकापुढे एक जोडलेले आणि अख्खा रेणू चंद्रकोरीसारखा वाकलेला. परका पदार्थ धरला जातो तो मुख्यतः आतल्या, खोलगट बाजूला. मी ‘प्रतिपिंड’ लिहिलं, ते सहकाऱ्यांनी खोडून ‘परिवर्ती लसीकापेशी ग्राही’ केलं; ग्राही म्हणजे पेशीवर बसून पदार्थ धरणारा रेणू. हे कोण वाचणार?

जुळे सोलापूर: खोडलं ते योग्यच केलं. जबड्याचे आणि बिनजबड्याचे प्राणी सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि दोघांनी दोन निरनिराळ्या घडणीचे रेणू वापरले. मुलांना कळायला हवं ते हेच. एकच नाव दिलंत तर नेमकं तेच झाकलं जाईल.

होटगी रोड: नाव कामावरूनही पडतं की ओ. यातला ‘बी’ प्रकार पेशीतून सुटून रक्तात फिरतो, आठ-दहा घटक एकत्र बांधलेले. सुट्या फिरणाऱ्या रेणूला ‘ग्राही’ कसं म्हणायचं? ‘ए’ आणि ‘सी’ पेशीवरच राहतात, त्यांना खुशाल म्हणा.

जुळे सोलापूर: आपल्याही बी पेशीवर (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीवर) बसलेलं प्रतिपिंड ग्राहीच असतं. सुटलं म्हणून त्याची घडण बदलत नाही.

अशोक चौक: ‘ग्राही’ बोलतं कोण? जुन्या पुस्तकात ‘ग्राहक’ वाचल्याचं आठवतंय, पण चाटी गल्लीत ग्राहक म्हणजे साडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक. सरळ रिसेप्टर लिहा. आणि लँप्री म्हणजे आपली वामच ना? उजनीची मिळते ती?

बाळीवेस: नाही हो. वामीला जबडा असतो. लँप्रीचं तोंड गोल, आत दातांची वर्तुळं. काही जाती त्या तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पितात.

होटगी रोड: मी लॅबमध्ये काम करतो. पेशंटला ‘प्रतिपिंड’ सांगितलं की ‘कसलं पिंड?’ विचारतात, ‘अँटिबॉडी’ लगेच कळतं. या रेणूंचं मोल आम्हाला वाटतं ते शर्करांच्या साखळ्यांसाठी. कर्करोगाच्या पेशींवर त्या बदललेल्या असतात, पण उंदीर-सशांच्या शरीरातही तशाच साखळ्या असल्यामुळे त्यांच्याकडून चांगली प्रतिपिंडं मिळणं अवघड जातं. लँप्री आपल्यापासून इतकी दूर की तिला त्या परक्या वाटतात. २०१९ मध्ये तर अशाच एका रेणूच्या साहाय्याने उंदरांच्या मेंदूतल्या गाठीपाशी डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध पोचवलं. गाठीजवळ रक्तवाहिन्यांचा अडसर गळका होतो आणि पेशींबाहेरचं जाळं उघडं पडतं, रेणू त्याला धरतो. उंदीर जास्त जगले. एवढं करणाऱ्याला सुटसुटीत नाव नको?

जुळे सोलापूर: सुटसुटीत हवं, पण चुकीचं नको. ‘प्रतिपिंडतुल्य रेणू’ लिहा.

बाळीवेस: ‘तुल्य’ही मुलांना जडच जाईल. ‘लँप्रीचं प्रतिपिंड’ लिहून पुढच्याच वाक्यात घडण वेगळी असल्याचं सांगितलं तर?

जुळे सोलापूर: मुलं नाव लक्षात ठेवतात, पुढचं वाक्य नाही. माझा विरोध कायम.

अशोक चौक: वामीचं अर्धवट राहिलं. कोकणातली मंडळी समुद्रातल्या माशाला वाम म्हणतात, आपल्याकडे भीमेतल्या काटेरी पाठीच्या माशाला. मग ‘अहीर’ कोणता?

होटगी रोड: अहीर वेगळा, नदीतलाच, पण पाठीवर काटे नाहीत. आमचे आजोबा मात्र दोघांनाही वामच म्हणायचे.