स्वयंसेवक नेमकं काय करतात

हल्लेखोरांनी व्हायरस घालून ताब्यात घेतलेल्या संगणकांची जाळी मोडणं "हे काम पोलिसांचं आणि अँटीव्हायरस कंपन्यांचं, त्यात हौशी लोक काय करणार?" असं काही जण म्हणतात. ते मला पटलं नाही. कॉनफिकरचंच घ्या. नोव्हेंबर २००८ मध्ये हा वर्म, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरू लागला. हल्लेखोरांकडून पुढचे हुकूम मिळवण्यासाठी तो रोज २५० नवी डोमेन नावं (वेबसाइटचे पत्ते) तयार करायचा. संशोधकांनी त्यामागचं गणित उलगडलं आणि ती नावं आधीच नोंदवून अडवायला सुरुवात केली. मग आलेली आवृत्ती रोज ५०,००० नावं तयार करू लागली, तीही शंभरावर वेगवेगळ्या डोमेन विभागांत (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा भाग) विखुरलेली! तरीही देशोदेशीच्या डोमेन नोंदणी संस्थांना गाठून हे काम चालू राहिलं. यातले कित्येक जण नोकरी सांभाळून हे करत होते, आणि याची दखल फार कमी घेतली जाते.

लागण झालेली लाखो यंत्रं मात्र पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. डोमेन ताब्यात आलं की कोणती यंत्रं त्याच्याशी संपर्क करतात ते आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवर यंत्राची ओळख सांगणारे क्रमांक) दिसतं, पण त्या माणसांना कळवायचं कोणी? २००४ साली स्वयंसेवकांनीच सुरू केलेली शॅडोसर्व्हर ही संस्था नेटवर्क चालवणाऱ्यांना असे अहवाल रोज, मोफत पाठवते. पुढे इंटरनेट सेवा देणाऱ्याने ग्राहकाला सांगितलं तरच त्याचा उपयोग.

ज्यांना हातभार लावायचाय त्यांनी मालवेअर (घातक प्रोग्रॅम) वाटणारे दुवे यूआरएलहाऊस या असे दुवे गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर जरूर कळवावेत. हल्लेखोराच्या सर्व्हरमध्ये मात्र स्वतः घुसू नका. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे, शिवाय पोलिसांच्या हाती लागणारा पुरावाही त्याने बिघडू शकतो.