शाळूच्या बियाण्यात पाखरं झालीत, जात ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाव जत तालुक्यातलं, जिल्हा सांगली. आईनं गेल्या सुगीत कणसं निवडून मालदांडी शाळूचं बी पत्र्याच्या कोठीत ठेवलं होतं. परवा झाकण काढलं तर बारीक पाखरं भुर्रकन उडाली. हस्तात पेरणी आहे आणि इतक्या खात्रीचं दुसरं बी घरात नाही.

दोन पाखरं बाटलीत धरून फूटपट्टीवर मोजली. पंख मिटून बसलेलं पाखरू जेमतेम 6-7 मिलिमीटर, रंग वाळल्या कडब्याचा, पुढच्या पंखावर एक काळपट ठिपका. मागचा पंख भिंगाखाली धरला. राखाडी, अरुंद, टोकाला बोटासारखा निमुळता, आणि कडेची झालर पंखाच्या रुंदीपेक्षाही लांब! यावरून मला सिटोट्रोगा सेरेअलेला, म्हणजे दाण्यात वाढणारा धान्यातला पतंग वाटतो. दाणेही तेच सांगतात. काहींना टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक, तर काहींवर भोकाच्या जागी पातळ पापुद्रा. असा एक दाणा नखानं फोडला, तर आत पांढरट अळी आणि पीठ सगळं संपलेलं.

अडलंय ते पुढं. कोठीच्या एका कोपऱ्यात दाणे रेशमासारख्या धाग्यांनी चिकटून गुठळी झालीय. सिटोट्रोगाची अळी दाण्याच्या आतच वाढते, अशी जाळी करत नाही. जाळी करतो तो तांदळातला पतंग, कॉर्सायरा; उसाच्या खोडकिडीसाठी लावतात त्या ट्रायकोकार्डावर (मित्रकीटकाच्या कार्डावर) ज्याची अंडी असतात तोच. पण तो राखाडी-तपकिरी आणि अंगानं बराच मोठा. तसं एकही पाखरू अजून दिसलं नाही. प्लोडियाही जाळी करतो, पण त्याचा पुढचा पंख मुळाशी फिकट आणि पुढं तांबूस असतो. तसलंही नाही.

मग कोठीत दोन जाती आहेत का? गुठळीतल्या अळीवरूनच जात ओळखता येईल, की बाटलीत ठेवून पाखरू निघेपर्यंत थांबावं लागेल?

बियाण्याचंही विचारतो. मिठाच्या पाण्यात पोकळ दाणे वर येतील, पण अळी नुकतीच शिरलेला दाणा भरलेलाच असतो, तो तळाशी राहणार. तो वेगळा कसा काढायचा? शेजारी धुरीची गोळी टाक म्हणतात, पण कोठी राहत्या घरात आहे, ते मी करणार नाही. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायला ठेवलेत.

गुठळीतल्या अळ्या वेगळ्या बाटलीत ठेवल्या आहेत. डोकं, पाय, पाठ, नेमकं काय बघायचं ते सांगा, लगेच भिंगाखाली बघून कळवतो.