शुगरसाठी व्हॅनेडियम: कंपन्यांनी दाबलं की माणसांवर जमलंच नाही?

साखरझोप:
बॉडीबिल्डिंगवाल्या दुकानातल्या व्हॅनेडिल सल्फेटच्या (म्हणजे व्हॅनेडियम धातूच्या क्षाराच्या) गोळ्या आता डायबेटिसवाले पण घ्यायला लागलेत, आणि सोबत तो ठरलेला व्हॉट्सॅप मजकूर, की धातूवर पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्यांनी दाबलं. माझं मत, कोणी काही दाबलेलं नाही, माणसांवर करून बघितलं आणि जमलं नाही. पटत नसेल त्यांनी या.

कोल्हापुरी_ठसका:
आलो. 1899 ला, इन्सुलिन सापडायच्या 22 वर्षं आधी, फ्रान्समधे लियाँच्या डॉक्टरांनी पेशंटना सोडियम मेटाव्हॅनेडेट दिलं, त्यात डायबेटिसवाले तिघे, पैकी दोघांच्या लघवीतली साखर थोडी उतरली. 1985 ला कॅनडात व्हँकूवरला मॅकनील या संशोधकाच्या टीमने डायबेटिक उंदरांना पाण्यातून व्हॅनेडेट (व्हॅनेडियमचाच क्षार) पाजलं तर शुगर नॉर्मलला आली आणि इन्सुलिन मात्र होतं तेवढंच कमी. हे किरकोळ वाटतं का राव?

साखरझोप:
किरकोळ नाही. पण असल्या प्रयोगांत उंदरांचं खाणंपिणंही कमी होतं, मग उपासाने किती उतरली नि औषधाने किती, हा वाद जुनाच आहे.

रसायनवाली:
मधे तोंड घालते, नुसत्या उपासाचा खेळ नाहीये तो. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की त्या रिसेप्टरवर फॉस्फेट जोडले जातात आणि काम चालू होतं, मग पीटीपी-वन-बी नावाचं एन्झाइम ते फॉस्फेट काढून काम थांबवतं. व्हॅनेडेटची ठेवण फॉस्फेटसारखी, त्यामुळे ते त्या एन्झाइमलाच अडवून धरतं आणि थोडक्या इन्सुलिनवर जास्त काम निघतं. 1999 ला मॉन्ट्रियलला हे एन्झाइमच नसलेले उंदीर बनवले, त्यांना इन्सुलिन जास्त लागू पडायचं. गोची एवढीच की फॉस्फेटवर चालणारी एन्झाइमं अंगात ढिगाने आहेत, आणि हा आगंतुक पाहुणा दिसेल त्या खुर्चीत बसतो.

कोल्हापुरी_ठसका:
माणसांचं पण ऐका मग. 2001 चा अभ्यास, टाइप टू वाले, रोज 150 मिलिग्रॅम व्हॅनेडिल सल्फेट, 6 आठवडे. उपाशीपोटीची शुगर 194 वरून 155, एचबीए1सी (म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) 8.1 वरून 7.6. गोळी लागू पडतेय हो!

साखरझोप:
आणि पेशंट किती, तर 11! 2008 ला असले सगळे अभ्यास एकत्र काढून तपासले तेव्हा भक्कम पुरावा नाही असंच निघालं. डोस वाढवला की पोटात मुरडा, जुलाब, ते वेगळंच.

रसायनवाली:
डोसचंच गणित बघा ना. 150 मिलिग्रॅममधे धातू म्हणून व्हॅनेडियम धरलं तरी कमीत कमी 30 मिलिग्रॅम, आणि अमेरिकेत मोठ्या माणसाची रोजची वरची मर्यादा 1.8 मिलिग्रॅम, तीसुद्धा प्राण्यांच्या किडनीवर झालेला परिणाम बघून ठरवलेली. दुकानातली 10 मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा त्याच्या वर जाते.
आणि पेटंटचं म्हणाल तर व्हँकूवरवाल्यांनीच माल्टॉल नावाचा रेणू लावलेल्या व्हॅनेडियमचं पेटंट घेतलं होतं, त्याचाच भाऊबंद, एथिल माल्टॉलवाला, एका कंपनीने माणसांवरच्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेला. तिथे काही पेशंटना किडनीचा त्रास झाला आणि काम थांबलं.

कोल्हापुरी_ठसका:
बरं बाई, पेटंट राहू द्या. पण मग एक रेणू आपटला म्हणून अख्खा धातूच निकालात का काढायचा? दुसरं काहीतरी लावून बघा की, पोटाला आणि किडनीला सोसेल असं.

रसायनवाली:
बघावं ना, लॅबमधे खुशाल बघावं. तोवर डायबेटिसवाल्याने, त्यात क्रिएटिनिन आधीच वर असलेल्याने, म्हणजे किडनी आधीच कुरकुरणाऱ्याने, स्वतःवर कशाला करून बघायचं?