मदत हवी आहे: शिवाजी गणेशन यांच्या 'पराशक्ती'ची नीट सबटायटल

तमिळ नट व्ही. सी. गणेशन यांनी द्रविड चळवळीतले नेते-लेखक अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराज साकारले आणि समाजसुधारक पेरियारांनी त्यांना 'शिवाजी' हे नाव दिलं. मराठी रसिकांनी हा नट पाहायलाच हवा, म्हणून समूहात त्यांचा 'पराशक्ती' (1952) हा तमिळ चित्रपट दाखवायचा आहे. अडचण शेवटच्या कोर्टातल्या भाषणाची. संवादलेखक करुणानिधींचे संवाद अनुप्रासांनी भरलेले, अन् मिळालेली इंग्रजी सबटायटल चार वाक्यांचं एकच करून टाकतात. शिवाय ती सेकंदाला 25 फ्रेमच्या प्रतीसाठीची, आपली प्रत 24 ची. त्यामुळे तासाला सुमारे अडीच मिनिटं पुढे पळतात. नुसती मागे सरकवून भागत नाही, वेगच बदलावा लागतो. तेवढं जमेल. पण तमिळ जाणणारं कुणी या भाषणाचं ओळीला ओळ मराठी करून देईल का? निदान पूर्ण तमिळ संहिता कुठे मिळेल?