प्रत्येक रक्तपिशवीची नॅट तपासणी सक्तीची करावी का?

थॅलेसेमिया पालक, नागपूर
माझ्या मुलीला थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार आहे, दर ३ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. २०२२ मध्ये आमच्याच नागपुरात थॅलेसेमियाच्या ४ मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं, त्यातलं एक दगावलं. त्याआधी २०११ मध्ये गुजरातचं जुनागढ, नंतर २०२५ मध्ये झारखंडचं चाईबासा. दर वेळी चौकशी होते आणि नॅट, म्हणजे रक्तात विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी तपासणी, ऐच्छिकच राहते.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या ५ तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत. पण दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर रक्तपेढ्यांच्या नेहमीच्या एलायझा चाचणीत ती दिसत नाही. एचआयव्हीचा हा विंडो पीरियड, म्हणजे लागण होऊनही तपासणीत न दिसण्याचा काळ, एलायझाला साधारण २-३ आठवडे, नॅटला १०-११ दिवस. हिपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं) दिसायला दोनेक महिने जातात, नॅटमध्ये तो आठवडाभरात सापडतो. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत मिळतं, त्याचं मोल आम्ही जाणतो. पण मोफत आहे म्हणून कमी तपासलेलं का घ्यायचं?

रक्तपेढी तंत्रज्ञ
ताई, तुमची भीती खरी आहे, तरी सरसकट सक्तीला माझा विरोध आहे. छोट्या जिल्ह्यातून नमुने मोठ्या शहरात पाठवले की निकाल येईपर्यंत पिशवी अडकते. प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात. डेंग्यूच्या दिवसांत त्यातले २ दिवस वाट पाहण्यात घालवायचे? शिवाय खर्च वाचवायला अनेक ठिकाणी ६-८ नमुने एकत्र करून नॅट करतात. त्यात विषाणू विरळ होतो, हिपॅटायटिस बीची कमी प्रमाणातली लागण निसटू शकते. आधी झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड किटवर भागवणं थांबवा, सगळीकडे अँटिबॉडीबरोबर विषाणूचा अंशही शोधणारी चौथ्या पिढीची एलायझा येऊ द्या.

शिबिर कार्यकर्ता
तुम्ही दोघंही यंत्रांवर बोलताय, गळती शिबिराच्या मांडवात आहे. नेत्याच्या वाढदिवसाचं शिबिर, रक्त दिलं की भेटवस्तू, आणि प्रश्नावली भरायची मित्रांच्या घोळक्यात. वर्षभरात टॅटू काढला का, एकाहून जास्त जोडीदार आहेत का, याचं खरं उत्तर तिथे कोण देईल? पडदा लावा, डॉक्टरांना एकेकाशी एकट्याने बोलू द्या, भेटवस्तू बंद करा. ज्याला स्वतःबद्दल शंका आहे त्याला सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) पाठवा, तिथे तपासणी मोफत आणि गोपनीय असते. काही जण नुसती एचआयव्ही तपासून घ्यायला रक्त देतात. नॅटचा बोलबाला झाला की असे वाढतील.

थॅलेसेमिया पालक, नागपूर
पडदा लावाच. पण नवऱ्याकडून दोन आठवड्यांपूर्वी लागण झालेली बाई त्या प्रश्नावलीत काय लिहिणार? तिला स्वतःलाच ठाऊक नाही. ती खोटं बोलत नाहीये, तरी तिची पिशवी माझ्या मुलीला चढेल. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर नॅटसाठी थांबू नका, हे मलाही कळतं. आमची तारीख मात्र आधीच ठरलेली असते.

रक्तपेढी तंत्रज्ञ
हे मान्य. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, त्यामुळे तेवढा वेळ काढता येतो. वारंवार रक्त लागणाऱ्यांच्या पिशव्या नॅट करूनच द्याव्यात, याला माझा पाठिंबा.

थॅलेसेमिया पालक, नागपूर
आणि त्याच दात्याच्या प्लेटलेट्स? त्या तोवर डेंग्यूच्या रुग्णाला गेलेल्या असतील.

रक्तपेढी तंत्रज्ञ
हो, गेलेल्या असतील. म्हणून विभागाच्या ठिकाणी रोज चालणारी नॅट प्रयोगशाळा आणि नमुने नेणारी गाडी आधी द्या. त्या आल्या की सक्तीच्या मागणीवर मी तुमच्याबरोबर सही करेन, त्याआधी नाही.