मदत हवी आहे: 'देशात ९ दिवसांचं तेल, दीपनगरला ४ दिवसांचा कोळसा' या फॉरवर्डला काय उत्तर द्यावं?

केळीबाग: यावलकडच्या शेतकरी ग्रुपवर हा मेसेज फिरतोय (दीपनगर म्हणजे भुसावळजवळचं कोळशावरचं वीज केंद्र), सोबत पंपावरच्या रांगेचा फोटो. लोक कॅन घेऊन डिझेलला पळताहेत. 'खोटं आहे' म्हटलं की 'मग खरा आकडा सांग' म्हणतात. आकडा आणि तो कुठे बघायचा, दोन्ही हवंय.

वाघूर: ९ चा आकडा हवेतला नाही, म्हणूनच तो चालतो. विशाखापट्टणम (१३.३ लाख टन), मंगळुरू (१५ लाख) आणि पाडूर (२५ लाख) इथं खडकात कोरलेल्या गुहांत कच्च्या तेलाचा सरकारी राखीव साठा ठेवतात. क्षमता एकूण ५३.३ लाख टन. २०१९-२० च्या खपाने ती साधारण साडेनऊ दिवसांची, हे सरकारनेच संसदेत सांगितलंय. मेसेजवाल्याने पुढचं वाक्य कापलं: तेल कंपन्यांची साठवण आणखी ६४.५ दिवसांची, बेरीज ७४. शिवाय हे दिवस आयात पूर्ण थांबली तर मोजायचे. एरवी जहाजं येतच असतात.

केळीबाग: म्हणजे 'देशात ७४ दिवसांचा साठा, निश्चिंत रहा' असं टाकून देऊ?

वाघूर: नको भाऊ. ७४ ही क्षमता. आत आज किती भरलंय ते वेगळं. कणगी वीस पोत्यांची म्हणून घरात वीस पोती ज्वारी असतेच असं नाही. आपलं कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, तेही लपवू नका. कोणीतरी ते काढेलच, मग तुमचं बाकीचं खरंही कोणी मानणार नाही.

डीपी_जळाली: कोळशाचं मी सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण रोजचा कोळसा अहवाल नॅशनल पॉवर पोर्टलवर टाकतं. त्यात भुसावळची ओळ शोधा. खाणीपासून लांबच्या केंद्रांना हंगामानुसार २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायचा असतो; त्याच्या २५ टक्क्यांखाली गेला की 'क्रिटिकल'. म्हणजे ४ दिवस खरंच असतील तर ती काळजीचीच गोष्ट, पण पाचव्या दिवशी अंधार नव्हे. ६६० मेगावॅटचा संच ८५ टक्के भाराने चालला तर दिवसाला ढोबळ साडेआठ-नऊ हजार टन कोळसा खातो, म्हणजे दोन-सव्वादोन रेक (कोळशाच्या मालगाड्या). रेक येत राहतात. एक संच बंद पडला तरी ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, देशभर एकच आहे (दक्षिण ग्रिड २०१३ च्या ३१ डिसेंबरला जोडली गेली), वीज दुसरीकडून येते, बहुतेकदा महाग पडते. केळीच्या ठिबकला आज तीन फेज नसेल तर आधी डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि कृषी फीडरचं (शेतीच्या वीजवाहिनीचं) वेळापत्रक बघा. दीपनगर नंतर.

तापीकाठ: फोटोचं काम दोन मिनिटांचं. गुगल लेन्सवर टाका, सर्वांत जुनी तारीख शोधा. फोटो मोठा करून नंबरप्लेट, पंपावरचा दर, लोकांचे कपडे बघा. जुलैच्या मेसेजमध्ये माकडटोप्या दिसल्या तर बहुतेक जानेवारी २०२४ चा, ट्रकचालकांच्या संपाचा फोटो. तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघत नव्हते. डेपोत तेल होतं, चालक नव्हते.

पंप कोरडा कसा पडतो तेही समजावून सांगा. समजा टाकीत १२ हजार लिटर आहे आणि रोजचा खप ४ हजार. तीन दिवस निघतात. सगळ्यांनी तिप्पट भरलं तर संध्याकाळीच पाटी लागते, आणि त्या पाटीचा फोटो पुढच्या फॉरवर्डमध्ये जातो. पेट्रोल मात्र प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये कोणीच नेऊ नये, त्याची वाफच पेट घेते.

केळीबाग: हे टाकतो: 'पंपांना टँकर येताहेत. रोजच्याइतकंच भरा. फोटो जुना आहे, मूळ तारीख खाली. कोळशाचा आजचा आकडा सोबत.'

वाघूर: पहिलं वाक्य गावातल्या दोन पंपांवर फोन करून, शेवटचा टँकर कधी आला ते विचारूनच टाका. कोळशाच्या आकड्यापुढे अहवालाची तारीख लिहा, नाहीतर महिन्याभरात तुमचाच मेसेज जुना होऊन फिरेल.